पायांची लय मोजणारा चुंबक

सायकलवरून दूरच्या गावी निघालेल्या प्रवाशाला वाटेत पुष्कळ गोष्टी मोजता येतात. रस्त्याच्या कडेला उभे असलेले किलोमीटरचे दगड त्याला कापलेले अंतर सांगतात. मनगटावरचे घड्याळ गेलेला वेळ सांगते. अंतराला वेळाने भागले की वेगही हाती येतो. परंतु ज्या पायांच्या बळावर हा सारा प्रवास घडला, ते पाय एका मिनिटात किती वेळा फिरले, हे दगडही सांगत नाहीत आणि घड्याळही सांगत नाही. ते सांगण्याचे काम चिंचोक्याएवढा एक लोहचुंबक करू शकतो. तो सायकलच्या क्रँकवर बसवतात. दिसायला ही वस्तू अगदी क्षुल्लक आहे. पण ती नीट बसवली तर मोजमाप खरे होते आणि निष्काळजीपणाने बसवली तर तिच्यावर विसंबलेले सारे यंत्र खोटे ठरते.

पायडल ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेले असते, त्या दांड्याला क्रँक म्हणतात. सायकलला असे दोन क्रँक असतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. पाय पायडल मारू लागले की क्रँक गोल फिरू लागतात. एका मिनिटात क्रँकच्या जितक्या फेऱ्या होतात, त्या संख्येला इंग्रजीत केडन्स असे नाव आहे. मराठीत तिला पदगती म्हणता येईल. गायनात जशी विलंबित, मध्य आणि द्रुत लय असते, तशीच सायकलस्वाराच्या पायांनाही लय असते. गवयाची लय बिघडली तर गाणे बिघडते. सायकलस्वाराची लय बिघडली तर त्याचे पाय लवकर थकतात.

पदगती आणि सायकलचा वेग या दोन गोष्टी एकच आहेत, असे प्रथम वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्या भिन्न आहेत. समजा, एका सायकलच्या पुढच्या दातेरी चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १६ दाते आहेत. ४८ ला १६ ने भागले असता ३ येतात. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक तीन वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर पायडलाच्या एका फेरीत सायकल ६.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या, तर मिनिटाला ५०४ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग होतो. आता साखळी मागच्या बाजूस २४ दात्यांच्या चक्रावर चढवली, तर त्याच एका फेरीत चाक केवळ दोन वेळा फिरेल. पाय पूर्वीप्रमाणेच मिनिटाला ८० फेऱ्या मारतील, परंतु सायकलचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटरच राहील. पायांची लय तीच, वेग मात्र वेगळा. अनेक दातेरी चक्रे असलेल्या सायकलीचे, म्हणजे गिअरच्या सायकलीचे, मर्म यातच आहे. चढ आला की गिअर हलका करावा, सपाटी आली की जड करावा आणि पायांची लय मात्र शक्य तो मोडू देऊ नये.

या लयीला इतके महत्त्व का द्यावे? जड गिअरवर मिनिटाला ४०-५० फेऱ्या मारणाऱ्या स्वाराला प्रत्येक फेरीत पायडल फार जोराने दाबावे लागते. तो जोर मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर पडतो. गिअर हलका करून फेऱ्यांची संख्या वाढवली की तितकेच काम लहान लहान हप्त्यांत वाटले जाते. डोक्यावर एकच मोठी घागर वाहण्याऐवजी दोन कळशांनी दोन खेपा कराव्यात, तसे हे आहे. मात्र फेऱ्या अतोनात वाढवूनही चालत नाही. तसे केले तर अंग बैठकीवर उसळू लागते आणि श्वास फुलतो. नेहमीच्या कामासाठी सायकल वापरणारी माणसे सामान्यतः मिनिटाला ६० च्या आसपास फेऱ्या मारतात. सराव केलेले शर्यतपटू बहुधा ८० ते १०० फेऱ्यांची लय सांभाळतात. प्रत्येकाला सोसेल अशी लय ज्याची त्याने शोधावयाची असते आणि ती शोधण्यासाठी प्रथम ती मोजावी लागते.

पदगती मोजण्याचा सर्वांत जुना व बिनखर्चाचा उपाय म्हणजे घड्याळाच्या साहाय्याने मोजणे. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजून त्या संख्येला ४ ने गुणले की पदगती मिळते. परंतु रहदारीच्या रस्त्यावर गुडघ्याकडे आणि घड्याळाकडे पाहत सायकल चालवणे हे संकटाला निमंत्रण देण्यासारखे आहे. म्हणून माणसाने हे काम यंत्राकडे सोपवले.

फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर या संशोधकाने १८९५ साली सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजणारे एक छोटे यंत्र तयार केले. चाकाच्या एका आरीवर एक खुंटी बसवलेली असे. चाक फिरले की प्रत्येक फेरीला ती खुंटी यंत्राच्या दातेरी चकतीला एक टोला देई व चकती एका दात्याने पुढे सरके. या टोल्यांवरून आतील आकडे बदलत आणि कापलेले अंतर समजे. यंत्र साधे आणि चतुराईचे होते. परंतु त्यात खुंटी चकतीवर प्रत्यक्ष आदळत असल्यामुळे टकटक आवाज होई आणि दोन्ही भाग हळूहळू झिजत. एकाने दुसऱ्याला स्पर्शही करू नये आणि तरीही त्याला त्याची चाहूल लागावी, असे काही साधले तर किती बरे होईल!

अशी किमया लोहचुंबकाजवळ असते. चुंबक दुरूनही लोखंडाला ओढतो, हे प्रत्येक मुलाने खेळताना पाहिलेले असते. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली एक नवीन प्रकारची कळ शोधून काढली. तिला रीड स्विच म्हणतात. काचेच्या एका बारीक बंद नळीत निकेल व लोखंड यांच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांची टोके एकमेकींवर येतात, पण एकमेकींना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. चुंबक जवळ आला की या पट्ट्याही तेवढ्यापुरत्या चुंबक बनतात, त्यांची टोके परस्परांना ओढतात आणि चिकटतात. फट मिटली की विजेचा मार्ग पूर्ण होतो. चुंबक दूर गेला की पट्ट्या आपल्या लवचिकपणामुळे पुन्हा अलग होतात आणि वीज थांबते. नळी बंद असल्यामुळे आत धूळ शिरत नाही, पाणी शिरत नाही आणि बाहेरची कोणतीही वस्तू तिच्यावर आदळत नाही.

सायकलच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीवर जो संवेदक, म्हणजेच सेन्सर, बसवतात, त्याच्या पोटात बहुधा अशीच काचेची नळी असते. क्रँकवरचा चुंबक दर फेरीला एकदा त्याच्यासमोरून जातो. त्या क्षणी कळ मिटते व उघडते आणि विजेचा एक ठोका हँडलवरच्या छोट्या गणकयंत्राकडे पोहोचतो. कधी तारेने, तर कधी बिनतारी लहरींनी. गणकयंत्र दोन ठोक्यांमधील काळ मोजते. तो काळ पाऊण सेकंद भरला, तर एका मिनिटात असे किती काळ बसतील याचा हिशेब ते करते. ६० ला ०.७५ ने भागले की ८० येतात आणि यंत्राच्या काचेवर ८० हा आकडा उमटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या यंत्राला पाय दिसत नाहीत. पायडल दिसत नाही. त्याला कळतो तो केवळ चुंबक. चुंबक समोरून गेला, की एक फेरी झाली असे ते मानते. गेला नाही, की फेरी झालीच नाही असे समजते. समजा, चुंबक थोडा दूर बसल्यामुळे एखाद्या वेळी ठोका चुकला. मग दोन ठोक्यांमधील काळ पाऊण सेकंदाऐवजी दीड सेकंद होतो आणि पाय मिनिटाला ८० फेऱ्या मारीत असतानाही काचेवर ४० हा आकडा झळकतो. बिचारा स्वार गोंधळतो. आपले पाय मंदावले असे समजून तो उगाचच धडपडतो. दोष पायांचा नसतो, यंत्राचाही नसतो. दोष असतो चुंबक बसवणाऱ्या हातांचा. म्हणून हा चुंबक कसा बसवावा, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न जागेचा. सायकलच्या उजव्या बाजूस साखळी आणि दातेरी चक्रे असतात. तेथे जागा अपुरी आणि तेलकट असते. डावी बाजू मात्र मोकळी असते. म्हणून चुंबक डाव्या क्रँकवर आणि संवेदक डाव्या बाजूच्या आडव्या नळीवर बसवण्याची पद्धत आहे. चुंबक क्रँकच्या आतल्या, म्हणजे सायकलच्या सांगाड्याकडील अंगाला असावा. बाहेरच्या अंगाला पाय असतो. तेथे चुंबक बसवला तर बूट घासून तो निघून जाईल आणि संवेदकापासूनही तो दूर राहील.

दुसरा प्रश्न तो पक्का कसा बसवावा, हा. चुंबक धातूला आपोआप चिकटेल, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जुन्या पद्धतीच्या जड सायकलींचे क्रँक पोलादाचे असतात. त्यांना चुंबक चिकटतो. परंतु हलक्या सायकलींचे क्रँक बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. म्हणून यंत्राबरोबर जो चुंबक मिळतो, तो प्लॅस्टिकच्या छोट्या घरात बसवलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी क्रँकला आवळून बांधावा लागतो. ही रीत चालते; परंतु ती फारशी देखणी नाही. क्रँक टोकाकडे निमुळता असेल तर बंध हळूहळू टोकाच्या दिशेने घसरतो. बंधांची कापलेली टोके बाहेर राहिली तर ती पोटरीला ओरखडे काढतात. म्हणून ज्यांना ही रीत वापरावयाची असेल, त्यांनी क्रँकवरील तेल व धूळ प्रथम स्वच्छ पुसावी, बंधाखाली जुन्या ट्यूबच्या रबराची एक पट्टी घालावी म्हणजे पकड घट्ट होते, आणि बंधाचे उरलेले टोक अगदी मुळाशी कापावे.

याहून नेटकी अशी एक युक्ती अनुभवी सायकलस्वारांनी शोधून काढली आहे. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा असला, तरी त्यात फिरवून बसवलेला पायडलाचा आस सामान्यतः पोलादाचा असतो. क्रँकच्या आतल्या अंगाने पाहिले, तर त्या आसाचे गोल टोक भोकातून डोकावताना दिसते. पुष्कळदा ते टोक क्रँकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत असते, त्यामुळे तेथे एक उथळ वाटी तयार होते. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांपासून बनवलेली एक छोटी गोल चकती या वाटीत ठेवली की ती आसाच्या पोलादाला टकदिशी चिकटते. असे चुंबक १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आले. ते आकाराने लहान असूनही बळाने फार मोठे असतात. १० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची चकती वजनाला दोन ग्रॅमही भरत नाही. येथे पट्टी नको, दोरी नको, गोंद नको. सायकल दुरून पाहणाऱ्याला तर तेथे काही बसवले आहे, याचा पत्ताही लागत नाही.

मात्र ही युक्ती करण्यापूर्वी आस खरोखरच चुंबकाला चिकटणाऱ्या धातूचा आहे ना, याची परीक्षा घ्यावी. काही महागड्या पायडलांचे आस टायटॅनियमचे असतात. त्यांना चुंबक चिकटत नाही. परीक्षा सोपी आहे. चकती आसाच्या टोकाजवळ न्यावी. हाताला ओढ जाणवली तर काम झाले.

चकती वाटीत बसणे का महत्त्वाचे, हेही जाणून घ्यावे. सपाट पोलादावर चिकटलेला चुंबक सरळ ओढून काढावयाचा झाला तर पुष्कळ बळ लागते. पण तोच चुंबक बोटाने बाजूला सरकवला तर सहज घसरतो. फिरणाऱ्या क्रँकवर नेमका हाच धोका असतो. क्रँकची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. मिनिटाला ९० फेऱ्या होत असताना टोकावरच्या वस्तूला आपल्या वजनाच्या सुमारे दीडपट बळ बाहेरच्या दिशेने ढकलत आहे, असे वाटते. त्यात खडबडीत रस्त्याचे हादरे मिळतात. सपाट पृष्ठभागावर नुसता चिकटवलेला चुंबक अशा वेळी हळूहळू सरकू लागतो. वाटीत बसलेल्या चकतीला मात्र चहूकडून कडेचा आधार असतो, त्यामुळे ती सरकूच शकत नाही. ज्या सायकलीच्या आसाचे टोक क्रँकच्या पृष्ठभागाशी समपातळीत असेल, तेथे वाटी नसते. अशा ठिकाणी चकतीवर चांगल्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून तिच्या कडा क्रँकवर दाबून बसवाव्यात.

चकती इपॉक्सी गोंदाने कायमची चिकटवावी काय? क्रँकच्या मधल्या भागावर चुंबक लावावयाचा असेल तर तसे करता येते. तेथील जागा स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश-कागदाने किंचित खरखरीत करून, गोंद लावल्यावर निदान एक दिवस सायकल तशीच ठेवावी. परंतु आसाच्या टोकावर गोंद लावणे शहाणपणाचे नव्हे. पुष्कळ पायडलांच्या आसाला आतल्या टोकाशी षट्कोनी खाच असते. पायडल काढताना दुकानदार त्या खाचेत षट्कोनी किल्ली घालून आस फिरवतो. खाच गोंदाने भरली तर पुढे पायडल काढणे अवघड होईल. आज बसवलेली वस्तू उद्या दुसऱ्याला काढता आली पाहिजे, हाही कारागिरीचाच एक नियम आहे.

तिसरा प्रश्न अंतराचा. चुंबक आणि संवेदक यांच्यामधील फट बहुधा ३ ते ५ मिलिमीटर ठेवावी. यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात निराळे माप दिले असेल तर तेच पाळावे. फट फार मोठी असली तर कळ मिटणार नाही. पण म्हणून ती अगदी कागदाएवढी ठेवणेही बरे नव्हे. चढावर स्वार उभा राहून पायडल दाबतो, तेव्हा क्रँक आणि सांगाडा किंचित लवतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फट फारच लहान असली तर चुंबक संवेदकावर घासतो आणि एखाद्या वेळी त्याला तोडूनही टाकतो. फट मोठी वाटली तर संवेदकाची फिरती भुजा बाहेरच्या बाजूस वळवावी. तेवढ्यानेही भागत नसेल, तर एका चकतीवर दुसरी आणि गरज पडल्यास तिसरी चकती ठेवावी. चकत्या एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि चुंबकाचे तोंड संवेदकाच्या जवळ येते.

चौथा प्रश्न समोरासमोर येण्याचा. पुष्कळ संवेदकांवर एक बारीक रेघ किंवा बाण कोरलेला असतो. ती शोभेसाठी काढलेली नक्षी नव्हे. आतील काचेच्या नळीला चुंबकाची जाणीव सर्व ठिकाणी सारखी होत नाही. म्हणून निर्माता योग्य जागा दाखवून देतो. क्रँक हळूहळू फिरवावा आणि चुंबकाचा मध्य त्या रेघेवरून जातो की नाही ते पाहावे. जात नसेल तर चुंबक आसाच्या टोकावर असल्यामुळे हलवता येत नाही; अशा वेळी संवेदकच नळीवर मागे किंवा पुढे सरकवावा. रेघ चुकली तर कधी ठोका मुळीच पडत नाही, तर कधी चुंबक एकदा जाताना कळ दोनदा मिटते आणि यंत्र एका फेरीच्या दोन फेऱ्या धरते. चुंबकाचे कोणते तोंड बाहेर आहे, उत्तर ध्रुव की दक्षिण ध्रुव, याची चिंता मात्र रीड स्विचच्या बाबतीत करावी लागत नाही. दोन्ही ध्रुव तिला सारखेच चालतात.

एवढे झाल्यावरही काम पुरे झाले असे समजू नये. परीक्षा अजून बाकी आहे. सायकल भिंतीला टेकवून उभी करावी आणि डावे पायडल हाताने उलट्या दिशेने फिरवावे. उलट फिरवताना फ्रीव्हीलमुळे मागचे चाक जागचे हलत नाही. उजव्या बाजूची साखळी मात्र त्या वेळी फिरत असते, म्हणून तिच्याजवळ बोटे नेऊ नयेत. प्रत्येक फेरीला यंत्राने एकच ठोका नोंदवला पाहिजे; कमी नको आणि अधिकही नको. नंतर मोकळ्या मैदानावर सायकल चालवावी. जोडीदाराने घड्याळ लावून अर्ध्या मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात व त्यांची दुप्पट करावी. ती संख्या आणि यंत्राचा आकडा जवळजवळ सारखे आले, म्हणजे चुंबक योग्य जागी बसला असे खुशाल समजावे. यंत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी एकदा आपल्या डोळ्यांनी त्याची पडताळणी करावी, हा नियम सर्वच यंत्रांना लागू आहे.

बसवलेला चुंबक पुढे जपावाही लागतो. तासाभराच्या प्रवासात मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तो संवेदकासमोरून ४,८०० वेळा जातो. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल त्याच्यावर बसतो. रस्त्यावरचे लोखंडाचे बारीक कण त्याला चिकटतात आणि त्यांचा काळा थर जमतो. या चुंबकांवर बहुधा निकेलचा चकचकीत मुलामा असतो. तो खरवडला गेला तर आतील धातूला गंज चढतो व चकतीचा भुगा होऊ लागतो. म्हणून अधूनमधून ती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी.

येथे एक इशारा देणे अत्यंत आवश्यक आहे. निओडिमियमच्या चकत्या दिसायला चकचकीत आणि खेळण्यासारख्या वाटतात, परंतु त्या खेळणे नव्हेत. त्या कधीही तोंडात धरू नयेत आणि घरातील लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. असे दोन चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या निरनिराळ्या भागांतून ते एकमेकांना ओढून घट्ट चिकटतात, मधली आतडी चेपली जाते आणि तिला भोकही पडू शकते. अशा वेळी जीव वाचवण्यासाठी तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागते. चुकून चुंबक गिळला गेल्याची नुसती शंका आली, तरी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शिवाय हे चुंबक ठिसूळ असतात. दोन चकत्या वेगाने एकमेकींवर आदळल्या तर त्यांचे तुकडे उडून डोळ्याला इजा होऊ शकते. त्यामुळे हे काम मुलांनी घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे आणि उरलेल्या चकत्या डबीत बंद करून उंच जागी ठेवाव्यात.

आता चुंबकावाचून पदगती मोजणारी साधनेही निघाली आहेत. क्रँकला बांधलेला एक छोटा संवेदक आपल्याच फिरण्याची जाणीव ठेवतो आणि फेऱ्या मोजतो. तरीही चुंबकाची रीत स्वस्त, साधी आणि समजण्यास सोपी आहे. तिच्यात गूढ असे काही नाही. चुंबक समोरून जातो, कळ मिटते, ठोका पडतो. तीत बिघाड झाला तर तो कोठे झाला हे मुलालाही शोधून काढता येते.

सायकल कितीही किमती असो आणि हँडलवरचे यंत्र कितीही नवे असो, त्यावर दिसणारा आकडा शेवटी या चिमुकल्या चकतीवर अवलंबून असतो. ती दोन मिलिमीटर दूर राहिली, तर आकडा खोटा ठरतो. ती आपल्या जागी स्वच्छ, घट्ट आणि समोरासमोर बसली, तर पाय जे करतात तेच आकडा सांगतो. म्हणूनच नेटकेपणा हा केवळ डोळ्यांना सुख देणारा गुण नव्हे. जेथे मोजमाप करावयाचे असते, तेथे नेटकेपणा म्हणजेच खरेपणा होय.